ऐनवाडीच्या उताराची मोजणी

ता. १४ एप्रिल १९३४, शनिवार. कापडे.

लोकल बोर्डाची डायरी निराळी. तिच्यात हजेरी, हवा आणि आकडे. "त्या डायरीत 'मला वाटते' एवढे दोन शब्द जरी दिसले तरी परत पाठवीन," असे ओव्हरसियर फणसेसाहेबांनी महाडास बजावले. मला तर सारखे काही ना काही वाटत असते. तेव्हा निघताना बाजारातून ही दुसरी वही घेतली.

कुठे विसरलो तर सापडणाऱ्यास कळावे म्हणून लिहितो: महिपती सकपाळ, वय तेवीस, महाडच्या कोर्टातील बेलिफांचा मुलगा, मॅट्रिक (दुसऱ्या खेपेस). सध्या बोर्डाकडे हंगामी रहदारी-मोजणी कारकून.

काम असे. पोलादपुराहून आंबेनळीकडे जाणाऱ्या सडकेवर कापडे. तिथे सडक सोडून खाली उतरले की नदी, आणि पलीकडे दीड मैलावर ऐनवाडी व तिच्या वरच्या दोन वाड्या. नदी पायी ओलांडायच्या जागेला इथे उतार म्हणतात. या उतारावर पूल बांधून वाडीपर्यंत सडक न्यावी, असा वाडीकरांचा अर्ज आहे. तालुक्यातून असे दोन अर्ज आले आणि बोर्ड एकच काम घेणार. म्हणून दोन्ही ठिकाणी मोजणी. सात दिवस उन्हाळ्यात, सात दिवस पावसाळ्यात; दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बसायचे आणि जे जे नदी ओलांडील त्याची तक्त्यात रेघ ओढायची.

मुक्काम भागोजी उतेकरांच्या पडवीत. माणूस मोठा बोलका. शेती, चार म्हशी आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत.

ता. १६ एप्रिल, सोमवार.

पहिला दिवस. जांभळीखाली घोंगडी टाकून बसलो. समोर तक्ता. पहिला आणि सर्वांत रुंद रकाना बैलगाड्यांचा. मग लादलेली जनावरे, मोकळी जनावरे, डोल्या, डोक्यावर ओझे असलेली माणसे, आणि शेवटी मोकळे पादचारी.

दुपारपर्यंत पलीकडच्या झुडपांतून माणसे डोकावत होती, पण उतरत नव्हती. एकाने म्हणे पट्टी बसवायला माणूस आलाय अशी बातमी नेली, दुसऱ्याने पलटणीत भरती. शेवटी एक बाई लुगडे सावरत सरळ पाण्यातून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. भागोजींची बहीण ठकूबाई, ऐनवाडीत दिलेली. गेल्या दिवाळीत तिचे यजमान वारले.

"काय लिवतंस रे बाबा?"

सांगितले. तिने कमरेवर हात ठेवून तक्ता पाहिला.

"ह्यो पयला एवढा ऐसपैस, ह्यो कुणाचा?"

"बैलगाड्यांचा."

ती इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. नदीत घोड्याएवढाले दगड, पलीकडे उभा चढ. गाडी ऐनवाडीने कधी पाहिलीच नाही.

रात्रीच्या जेवणाला भागोजींना हे सांगितले. ते म्हणाले, "म्हंजे गाड्या दिसल्या तर रस्ता, आन् रस्ता झाला तर गाड्या. महिपतराव, पोराला पवता आल्याबिगर पाण्यात उतरू द्यायचं नाय, असा तुमच्या बोर्डाचा कायदा दिसतो." मी बोर्डाच्या डायरीत लिहिले: हवा कोरडी.

ता. १८ एप्रिल, बुधवार.

आता माणसे भीत नाहीत. उलट आपली रेघ ओढली की नाही ते बघूनच पुढे जातात.

ठकूबाईची मुलगी आवडी हिरड्याची पाटी घेऊन पोलादपूरला गेली. जाताना थांबून विचारले, "मी कुठल्या रकान्यात?"

"डोक्यावर ओझे."

"आन् येताना?"

"मोकळे पादचारी."

"डोली कशी लिवता? डोलीतलं एक, का उचलणारे चार धरून पाच?"

हा प्रश्न मी साहेबांनाही विचारला नव्हता. नियम चाळले, त्यांत नाही. तिने बराच वेळ उभे राहून एकेका रकान्याचे नाव माझ्याकडून वदवून घेतले. हुशार आहे. शिकलेली नाही. वय सतराच्या आसपास. बापाच्या दुखवट्यामुळे लग्न वर्षभर थांबले, असे भागोजी सांगत होते. मी विचारले नव्हते.

ता. २० एप्रिल, शुक्रवार.

आज रहदारी एकदम दुपटीहून वाढली. बाजार नाही; धोंड्याचा महिना म्हणून वऱ्हाडही नाही. तरी सकाळपासून रीघ. दुपारी भाकरी खायलाही उसंत नाही. ऐनवाडीत इतकी माणसे असतील असे वाटले नव्हते! फणसेसाहेबांना आनंद होईल. वाडीकरांना पूल मिळणार असे आता नक्की वाटते. (इथे वाटायला हरकत नाही.)

आवडी आज चार वेळा गेली-आली.

ता. २१ एप्रिल, शनिवार.

उजव्या शिंगाचे टोक तुटलेली म्हैस सकाळपासून पाचव्यांदा पाण्यातून आली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती भागोजींचीच. मागोमाग स्वतः भागोजी, चेहरा देवळातल्यासारखा शांत.

"भागोजीमामा, ही म्हैस आज पाचवी खेप करते आहे."

"उन्हाळा हाय. तिला गार लागतं."

मग सगळेच बाहेर आले. माझ्यासमोर उतारावरून येऊन, जांभळीमागून वरच्या डोहापाशी गुपचूप परत पलीकडे जाऊन, तीच माणसे फेऱ्या मारत होती. चांगू नावाचा म्हातारा डोक्यावर रिकामी पाटी उपडी घालून सात वेळा गेला. 'डोक्यावर ओझे' मध्ये मी त्याला सातही वेळा धरले आहे.

मला रागही आला आणि लाजही वाटली. त्याहून वाईट म्हणजे हसूही आले. पण हा तक्ता माझ्या सहीने जायचा. दुसऱ्या उतारावर खरेच माणसे जात असतील आणि त्यांचा पूल मी असा पळवला तर?

ता. २२ एप्रिल, रविवार.

उन्हाळी मोजणी संपली. सर्वांना जांभळीखाली बोलावून सांगितले, ज्याच्या त्याच्या बिनकामाच्या खेपा सांगा, मी खोडणार.  पहिला चांगू म्हणाला, "माज्या सातांतली एक खरी हाय. पाटी विकायची व्हती." मग एकेक करून सगळ्यांनी सांगितले. दोन दिवसांच्या निम्म्याहून जास्त रेघा गेल्या.

आवडी म्हणाली, "माज्या तीन काढा. पन त्या पुलासाठी नव्हत्या."

"मग कशासाठी?"

ती मामाच्या घराकडे चालू लागली. शेऱ्यात लिहिले: कारण सांगितले नाही.

ठकूबाई मात्र जाताना जे बोलली ते डोक्यातून जात नाही. "तुज्या कागदाला खोटं चालत नाय, ह्ये बरंच हाय बाबा. पन आमचं खरं तरी त्यात कुठं मावतंय?" तरी रोजच्यासारखी नाचणीची भाकरी आणि सुकट माझ्या हातावर ठेवून गेली.

ता. २२ जुलै, रविवार. कापडे.

तीन महिन्यांनी पुन्हा भागोजींची पडवी. शिंग तुटकी म्हैस मला ओळखते असे भागोजींचे म्हणणे.

मधल्या काळात महाडच्या कचेरीत नकला करीत होतो. आईने दोन स्थळे काढली. मी म्हटले, हंगामी नोकरी आहे, कायम झाल्यावर बघू.

पावसाळ्यात उतारावर वाडीकर दरसाल लाकडांचा साकव घालतात. दोन ऐनाची लांब खोडे, वर बांबू, वेलींनी बांधलेला. काल सकाळी तो वाहून गेला. उद्यापासून मोजणी.

ता. २३ जुलै, सोमवार.

जांभळीखाली भागोजींनी पेंढ्याची खोपी करून दिली आहे. आत एक चौरंग, तक्ता, मी. समोर पाणी. उन्हाळ्यात गुडघाभर होती ती हीच नदी का, असा प्रश्न पडतो. तिच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही.

बैलगाड्या: शून्य. लादलेली जनावरे: शून्य. मोकळी जनावरे: शून्य. डोल्या: शून्य. डोक्यावर ओझे: शून्य. पादचारी: शून्य.

ता. २४ जुलै, मंगळवार.

शून्य.

पलीकडच्या काठावर मात्र माणसे येतात. उभी राहतात, पाणी बघतात, परत जातात. एक बाई पोराला कांबळ्यात गुंडाळून घेऊन आली होती. अर्धा तास थांबली असेल. ती नदी ओलांडून आली नाही, म्हणून ती माझ्या तक्त्यात नाही.

आवडी इरले डोक्यावर घेऊन दोनदा आली. मी हात केला. तिने केला नाही. काहीतरी पुटपुटत, बोटे मोडत उभी होती. रागावली असेल.

ता. २५ जुलै, बुधवार.

फणसेसाहेब तट्टावरून आले. चिंब भिजलेले, मिशांतून पाणी गळत. तक्ता पाहिला.

"शून्यही आकडाच असतो, सकपाळ. नीट गोल काढा."

मी धीर करून म्हणालो, "साहेब, नदी आहे म्हणून माणसे येत नाहीत. म्हणजे पुलाची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथे आकडा सर्वांत कमी."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पाण्याकडे. "वीस वर्षांत हे मला सुचले नसेल असे वाटते तुम्हाला? पण बोर्डात मला कोणी विचारले, किती माणसे? तर मी काय सांगू, सकपाळांना वाईट वाटले?" आणि तट्टू वळवून गेले. माणूस कोरडा आहे.

ते गेले आणि तासाभरात पांडू आला. ऐनवाडीचा, मुंबईला गिरणीत कामाला. धरमतरपर्यंत लाँच, महाडपर्यंत मोटार, पुढे पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन पायी. त्याचे वडील कुशाबा आजारी, असे पत्र शाळामास्तरांनी लिहिलेले, ते त्याला बारा दिवसांनी मिळाले. नदीपाशी येऊन तो पेटीवर बसला तो उठेचना. त्याचे घर इथून दिसते. धूर निघताना दिसतो.

ता. २६ जुलै, गुरुवार.

पांडू आमच्यासोबत पडवीत राहिला. रात्रभर पाऊस. सकाळी तो काही न खाता उतारावर. मी तक्ता मांडून बसलो. दोघेही पाण्याकडेच बघत होतो, पण मला त्याचा पगार मिळतो.

शून्य.

ता. २७ जुलै, शुक्रवार.



दहाच्या सुमारास पलीकडच्या उतरणीवर चार माणसे दिसली. खांद्यावर बाज. बाजेवर कांबळी पांघरून कुशाबा. घसरणीवरून पावलापावलाने ती काठावर आली आणि त्यांनी बाज खाली ठेवली, पाण्यापासून दहा हातांवर. आवडीने म्हाताऱ्याच्या डोक्यावर आपले इरले धरले. स्वतः भिजत होती.

बापाला मुलाकडे नेता येत नाही, मुलाला बापाकडे येता येत नाही, म्हणून त्यांनी त्याला निदान दिसेल इथवर आणले होते.

पांडू "बाबा, बाबा" म्हणून ओरडत सुटला. आवाज पलीकडे पोचणे शक्यच नाही. मग तो पाण्यात शिरला. मी आणि भागोजी धावलो आणि त्याला कमरेला धरले. तो आम्हाला ओढत होता. पाणी मांडीला लागले तेव्हा माझे पाय सुटू लागले.

तेवढ्यात बाजेवर म्हातारा कोपरावर उठला. हात वर केला आणि तळवा आमच्याकडे करून ढकलल्यासारखा हलवला. पुन्हा पुन्हा.

पांडू एकदम थांबला. "जा म्हनतोय मला," तो म्हणाला. "उशिरा आलो म्हनून जा म्हनतोय."

"आरं येड्या," भागोजी त्याच्या कानाशी ओरडले, "पाण्याच्या मागं हो म्हनतोय! ल्हानपनी म्हनत व्हता तसा! हो मागं!"

पांडू एक पाऊल मागे आला. म्हाताऱ्याचा हात हलतच होता. आणखी एक पाऊल. आम्ही तिघे काठावर पोचलो तेव्हा तो हात खाली गेला आणि कुशाबा आडवा झाला. दोन तास ते तसे समोरासमोर होते. मग पाऊस वाढला आणि त्यांनी बाज उचलली.

खोपीत परत आलो तर तक्ता ओला. तो वाळवून संध्याकाळी भरला. डोल्या: शून्य. पादचारी: शून्य. गोल नीट काढले.

ता. २९ जुलै, रविवार.

काल दुपारपासून उघाड. पाणी छातीपर्यंत उतरले. सकाळी भागोजी व तिघांनी जांभळीला सोल, म्हणजे जाड दोर, बांधला, एक पट्टीचा पोहणारा त्याचे टोक घेऊन पलीकडे गेला, आणि दोराला धरून पांडू पार झाला. पेटी डोक्यावर.

पादचारी: दोन. सात दिवसांतली पहिली रेघ मी त्याची ओढली. आणि मग चौरंगावर दगड ठेवून मीही त्या दोराला धरले. मोजणीची वेळ चालू असताना जागा सोडली. बोर्डाच्या डायरीत तेही लिहिले आहे: मोजणीदार स्वतः पलीकडे गेला, दुपारी अडीच ते पाच. मोजणीदारास रकान्यात धरावे की नाही याचा नियम नाही.

कुशाबा शुद्धीत होता. पांडूने भरवलेली पेज त्याने घेतली आणि म्हणाला, "केस लय वाडवलंस." एवढेच. पांडू हसत होता आणि रडत होता. मी बाहेर आलो.

बाहेर ठकूबाई उभी. "तुज्या कामाचं हाय कायतरी," म्हणाली आणि मला त्यांच्या घरी घेऊन गेली.

मागल्या भिंतीवर, शेणाने सारवलेल्या, कोळशाच्या रेघाच रेघा. खालपर्यंत. बैलगाडी नव्हती, पण बाकीचे रकाने माझ्या तक्त्याप्रमाणे, त्याच क्रमाने. प्रत्येकाच्या डोक्यावर खूण काढलेली: म्हैस, डोली, पाटी, नुसता माणूस.

"ही कोणी काढली?"

आवडी दाराआड होती. तिथूनच म्हणाली, "तुमी तकडचं मोजत व्हता. हकडं कोन मोजनार? काठावर आलं आन् मागारी गेलं ते समदं हाय. खोटी एक नाय."

मग एकेक रेघ तिने सांगितली. मी कागदावर उतरवत गेलो. ही चांगूची, मीठ संपलेले. ही तापाचे पोर घेऊन आलेल्या रखमाची, दवाखान्यासाठी. पोर बरे आहे. ही वरच्या वाडीच्या चौघांची, महाडच्या कोर्टात तारीख होती. ही सदूची, बहिणीच्या सासरहून निरोप यायचा होता. डोलीच्या खुणेखाली एक रेघ आणि तिला जोडून चार बारक्या. "ही कुशाबाची. उचलणारं निराळं दावलंय. तुमाला पायजे तसं धरा."

सात दिवसांत त्रेसष्ट माणसे.

सगळ्यांत खाली, कडेला, नऊ रेघा वेगळ्या होत्या.

"आणि या कोणाच्या?"

"त्या माज्या."

"काय काम होतं?"

"काय नाय. बघाया आलते."

"काय बघायला?"

 "पाणी," म्हणाली आणि आत गेली. ठकूबाई चुलीत फुंकणी घालून जोरजोराने फुंकू लागली, विस्तव तर चांगला पेटलेला होता.

प्रामाणिक मुलगी आहे. आपल्या बिनकामाच्या खेपा तिने आपणहून वेगळ्या ठेवल्या. मी त्या धरल्या नाहीत.

ता. १ ऑगस्ट, बुधवार.

काल कुशाबा गेला. पांडू उशाशी होता. सोल अजून बांधलेला आहे, म्हणून कापड्याचे बरेच जण मातीला जाऊ शकले. मीही गेलो. मोजणी संपली आहे, तेव्हा ते कुठे लिहायचे नाही.

ता. ६ ऑगस्ट, सोमवार. महाड.

तक्ते कचेरीत दिले. पावसाळी तक्त्याच्या उजवीकडे मी पट्टीने आणखी एक रकाना आखला होता: 'काठावर आले व परत गेले'. सोबत प्रत्येकाचे कारण.

फणसेसाहेबांनी चष्मा लावून वाचले. बराच वेळ वाचले. मग तांबडी पेन्सिल घेऊन माझ्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत काट मारली.

"हा रकाना फॉर्मात नाही. फॉर्म तुमच्या तीर्थरूपांचा नाही."

"साहेब, पण खोटा एकही..."

"आणि ही मोजणी तुम्ही केलेली नाही. कोणी केली?"

"ऐनवाडीची आवडी. भिंतीवर."

"साक्षर?"

"नाही."

त्यांनी कारणांचा कागद घडी करून आपल्या कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि मला बाहेर जायला सांगितले. माझ्याजवळ नक्कलही नाही. फार वाईट वाटले. घरी येऊन जेवलो नाही. आईने विचारले, बरे नाही का. म्हटले, नदीचे पाणी बाधले.

ता. १२ नोव्हेंबर, सोमवार.

दिवाळी झाली. भागोजी बाजाराला आले होते. बहिणीच्या यजमानांचे वर्षश्राद्ध झाले, आता आवडीचे बघायचे, म्हणाले. आणखी एक गमतीची गोष्ट सांगितली. दिवाळीला ऐनवाडीतली सगळी घरे सारवली, ठकूबाईने मागली भिंत तेवढी सारवू दिली नाही. "कोन साहेब येऊन गेला मिशीवाला. घोंगडीवर बसून सगळ्या रेघा मोजल्यान्. आवडीला तासभर इचारीत बसला व्हता. पुन्हा येईन म्हनाला, भिंत ठेवा."

असा कोण असेल? सर्व्हे खात्याचा असावा.

भागोजी बराच वेळ घुटमळले. माझी नोकरी कायम झाली का, असे तीनदा विचारून गेले. जिवाला जीव देणारा माणूस.

ता. २१ जानेवारी १९३५, सोमवार.

निकाल लागला. गाड्यांचा पूल दुसऱ्या उतारावर. तिथे खरोखरच जास्त रहदारी आहे, आकडे मी स्वतः पाहिले. ऐनवाडीला सडक तूर्त नाही. मात्र दगडी खांबांवर लोखंडी दोरांचा पायसाकव मंजूर, बारा महिने चालणारा, येत्या पावसाळ्यापूर्वी पुरा करायचा.

मला हुकमाची नक्कल करायला दिली म्हणून कळले. कारण म्हणून साहेबांची टिप्पणी जोडली आहे, चार पानांची. तिला जोडून माझा कागद! घडी मोडलेला. त्याखाली त्यांच्या अक्षरात: 'वरील नोंदी मी जागेवर जाऊन समक्ष पडताळल्या. एकही खोटी आढळली नाही. नदीवरची रहदारी केवळ नदी ओलांडणाऱ्यांवरून मोजणे चूक आहे.'

मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेलो.  ते वर न बघता म्हणाले, "फॉर्मात काट मारावीच लागते, सकपाळ. टिप्पणीत नाही." मग म्हणाले, "त्या मुलीच्या नऊ रेघा तुम्ही धरल्या नाहीत."

"त्या बिनकामाच्या होत्या साहेब. ती पाणी बघायला येत असे."

त्यांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत कोणी त्यांना कचेरीत हसताना पाहिले नव्हते, असे हेडक्लार्क नंतर म्हणाले. "रहदारी तुम्ही उत्तम मोजता," एवढे बोलून त्यांनी माझ्या कायम नेमणुकीचा कागद पुढे सरकवला.

हसण्यासारखे काय होते ते समजले नाही.

संध्याकाळी आईला सगळे सांगितले. आई, प्रयागबाई सकपाळ, अक्षरशत्रू, चुलीपुढे भाकरी थापत ऐकत होती. नऊ रेघांपाशी आलो तेव्हा तिची भाकरी थांबली.

"नदीच्या अल्याड कोण बसलं होतं?"

"मी."

"दुसरं कोण?"

"कोणी नाही. मी एकटाच."

आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जी मी शेवटची लहान असताना पाहिली होती, डोक्यावर टोपी असून घरभर टोपी शोधत होतो तेव्हा.

"अहो," तिने ओसरीकडे हाक मारली, "इकडे या. तुमच्या मॅट्रिक मुलाला विचारा, पोरीच्या घरामागं पाण्याचा ओहोळ आहे का नाही."

आहे. चांगला मोठा आहे. मीच पाहिला आहे.

पुढचे लिहवत नाही. कान अजून गरम आहेत.

ता. १९ मे १९३५, रविवार. कापडे.

साकव झाला. बाबा, मी आणि मध्यस्थ म्हणून भागोजी, तिघे त्यावरून पलीकडे गेलो. बाबा निम्म्यावर जाऊन दोर घट्ट धरून उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले की बेलिफाचे काम सोपे.

ऐनवाडीत बोलणी झाली. कुळे जुळली, उलट दुरून सोयरिकीचीच निघाली. पांडू रजेवर आला होता. तो केस बारीक कापून मोठ्या माणसासारखा बैठकीत बसला. ठकूबाईने मला बाबा म्हणायचे सोडून एकदम 'तुमी' केले. ते मला आवडले नाही.

मोठी माणसे आत तिथी बघत होती. मी परसात हात धुवायला गेलो. आवडी तिथे तांब्या घेऊन उभी होती. चार महिने काय बोलायचे ते मनात घोळवले होते, आणि मी नुसते हात पुढे केले.

शेवटी तीच म्हणाली, "तुमची बदली झाली म्हनं."

"हो. काळ नदीकडे. नवी मोजणी आहे, तीन उतारांची."

"नदी मोठी हाय?"

"मोठी आहे."

"तीन उतार, आन् तुमी येकलं?"

"बोर्ड एकच माणूस देते."

तिने माझ्या हातावर पाणी घातले. बराच वेळ घालत राहिली, हात केव्हाच धुऊन झाले होते.

"मंग पलीकडल्या काठावर माझी खोपी बांधाया सांगा," ती म्हणाली. "आन् तिसऱ्या उताराचं बगू. आईला बोलवून घेऊ."